१६ लाखांचे ७ लाख : पर्वरीतल्या एका फ्लॅटच्या फेरविक्रीचा हिशेब

माझ्या मावशीने आणि काकांनी गोव्यातल्या पर्वरीतला आपला दोन बेडरूमचा फ्लॅट फेब्रुवारी २०२५ मध्ये ८९ लाखांना विकला. त्याच इमारतीत, बरोबर दोन मजले खाली, तंतोतंत त्याच नकाशाचा फ्लॅट ऑक्टोबर २०२४ मध्ये ८२ लाखांना गेला होता. वरच्या फ्लॅटला ७ लाख जास्त मिळाले, म्हणून घरात सगळ्यांना बरं वाटलं. मला मात्र वाटलं नाही. खालच्या फ्लॅटवर जो खर्च झालाच नव्हता, असा १६ लाख ६ हजारांचा खर्च मावशीने आपल्या फ्लॅटवर केलेला होता, आणि त्यातला बराचसा काकांच्या भविष्य निर्वाह निधीतून आलेला होता.

मी पणजीत बँकांसाठी मालमत्तेचं मूल्यांकन करणाऱ्या कार्यालयात काम करते. नात्यातला फ्लॅट असल्याने या व्यवहाराचं मूल्यांकन आमच्याकडे नव्हतं. पण एकाच रांगेतले, एकाच वयाचे, एकाच दिशेचे दोन फ्लॅट एकाच मोसमात विकले जाणं क्वचित घडतं. शिवाय ज्याने वरचा फ्लॅट घेतला त्याला आधी खालचाच हवा होता. आठवड्याच्या फरकाने तो त्याच्या हातून गेला. त्यामुळे वाटाघाटीला बसताना त्याच्या वहीत ८२ हा आकडा आधीच लिहिलेला होता, आणि त्याखाली त्याने एकेक गोष्ट अधिक-उणे केली होती. ती वही मी त्याच्या परवानगीने पाहिली. पुढचा बहुतेक हिशेब त्या पानावरचा आहे.

खरेदी

व्यवहार २०१४ चा. एप्रिलमध्ये करार, फेब्रुवारी २०१५ मध्ये सेल डीड (विक्रीखत) आणि ताबा. खाली स्टिल्ट (खांबांमधली मोकळी जागा), वर पाच मजले, एक लिफ्ट. बिल्डरने सुपर बिल्टअप (सामाईक जागेचा वाटा धरून) ९६ चौरस मीटर सांगितलं होतं, प्रत्यक्ष कार्पेट (घरातली वापरायची जागा) ६८. दर ४७,००० रुपये चौरस मीटर, म्हणजे मूळ किंमत ४५ लाख १२ हजार.

त्यावर तीन जादा आकार लागले. पहिल्या मजल्यापासून वर प्रत्येक मजल्याला चौरस मीटरमागे ५०० रुपये, म्हणून चौथ्या मजल्याचे १ लाख ४४ हजार. 'रिव्हर व्ह्यू'चे २ लाख. मांडवी तिसऱ्या मजल्यापासून वरच दिसायची, त्यामुळे खालच्यांना हा आकार नव्हता. आणि स्टिल्टमधल्या झाकलेल्या पार्किंगचे अडीच लाख. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी पार्किंग घेतलं नाही, त्यांची गाडी दहा वर्षं कुंपणाजवळ उघड्यावर राहिली. मजल्यापोटी त्यांनी फक्त ४८ हजार भरले.

मजल्याचा आकार सुपर बिल्टअपवर लावलेला होता, हे मावशीला आजपर्यंत कोणी समजावलं नव्हतं. जिना, लॉबी आणि लिफ्टच्या वाट्याला येणाऱ्या २८ चौरस मीटरसाठीसुद्धा तिने 'वरच्या मजल्याचे' पैसे भरले. २०१६ चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा, कायदा आल्यानंतर किंमत कार्पेटवर सांगावी लागते, पण जुन्या इमारतींच्या फेरविक्रीत गोव्यात अजूनही दोन्ही आकडे फिरतात. विचारणाऱ्याने कोणता आकडा ते आधी विचारावं.

नंतरचा खर्च

ताबा घेण्याआधीच हॉलच्या टाइल्स बदलून बिल्डरकडून मार्बल घेतला : २ लाख २० हजार. २०१५ मध्ये मॉड्युलर किचन : २ लाख ६० हजार. त्याच वर्षी हॉलला फॉल्स सीलिंग आणि त्यात लपवलेले दिवे : १ लाख १० हजार. २०१७ मध्ये हॉलची बाल्कनी अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केली : ८५ हजार. २०२० मध्ये किचनचे सगळे सांगाडे पुन्हा केले : १ लाख ४० हजार. २०२१ मध्ये गंजलेल्या लोखंडी ग्रिल काढून स्टीलच्या बसवल्या : ४८ हजार. त्याच उन्हाळ्यात सगळ्या खिडक्यांवर वेदर शेड आणि चौकटींच्या सांध्यांची दुरुस्ती : ३७ हजार. २०२२ मध्ये दोन्ही बाथरूम जमिनीपासून उकलून वॉटरप्रूफिंगसह नवीन केल्या : १ लाख ६० हजार. बेरीज १० लाख ६० हजार. कपाटं, पंखे, एसी मी यात धरलेले नाहीत. कपाटं आणि एसी मावशीने फोंड्याच्या नव्या घरी नेले.

वहीतलं पान

घेणारा डिचोलीचा. नवरा-बायको दोघंही नोकरीला, सोबत त्याची आई आणि शाळेत जाणारी मुलगी. परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी ते फ्लॅट पाहायला आले. वीज गेलेली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण छतातले दिवे त्यांना त्या दिवशी दिसलेच नाहीत. मोबाइलचा टॉर्च लावून तो माणूस बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला हात लावत फिरला.

वहीत असं होतं : ८२. पार्किंग अधिक ४. मजला अधिक १. बाथरूम, ग्रिल आणि खिडक्या मिळून अधिक २. किचन अधिक दीड. सीलिंग उणे अर्धा. बाल्कनी उणे १. एकूण ८९. मार्बलचं नाव नव्हतं. नदीचंही नव्हतं.

मावशीने सुरुवातीला ९८ मागितले होते. ते ९८ कुठून आले हे विचारल्यावर काका म्हणाले, "अगं, खर्च झालेला सगळा धरला तर तेवढे होतात ना!" माझ्या कामात हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकते, आणि ते म्हणणाऱ्याचा मला कधी राग येत नाही. कष्टाचे पैसे आपण घातले की ते भिंतीत आहेत असंच वाटतं.

नदी आणि पाऊस एकाच बाजूला

व्ह्यूचे २ लाख पूर्ण बुडाले. २०१९ मध्ये समोरच्या प्लॉटवर इमारत उभी राहिली आणि मांडवी दिसायची बंद झाली. समोरची जमीन आपली नसते, त्यामुळे तिच्यावरून दिसणारं पाणीही आपलं नसतं. करारातही व्ह्यूची कसलीच हमी नव्हती, फक्त पैशांची ओळ होती. हे बऱ्याच जणांना माहीत असतं.

त्याहून महागात पडलेली गोष्ट कमी जणांच्या लक्षात येते. पर्वरीच्या पठारावरून मांडवी दक्षिणेला. गोव्याचा पाऊस येतो नैर्ऋत्येकडून. ज्या तोंडाला नदी, त्याच तोंडाला जून ते सप्टेंबर पावसाचा मारा. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात व्ह्यूच्या बाजूच्या भिंतीवर तो आडवा आदळतो. बिल्डरने व्ह्यू अडू नये म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांवर छज्जे जेमतेम वीतभर ठेवले होते. २०१६ च्या पावसाळ्यातच मास्टर बेडरूममध्ये खिडकीखाली बुरशीचे काळे ठिपके आले. व्ह्यूसाठी भरलेले २ लाख, नंतर त्याच व्ह्यूमुळे लागलेल्या वेदर शेडचे ३७ हजार, आणि मधली पाच वर्षं दर चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) रंगाचा हात. मुंबई-पुण्याकडच्या लेखांत व्ह्यूचा हिशेब वाचून गोव्यात फ्लॅट घेणाऱ्यांनी होकायंत्र सोबत न्यावं, असं मी मनापासून सांगते.

कोरडेपणा विकला गेला

बाथरूम, ग्रिल आणि खिडक्या मिळून २ लाख ४५ हजार खर्च, वहीत २ लाख. दोन-तीन वर्षं स्वतः वापरून ८० टक्के परत. या इमारतीत यापेक्षा चांगला परतावा देणारं दुसरं काम मला दिसलं नाही. पण त्यामागे एक घडामोड आहे.

ऑगस्टमध्ये, भर पावसात, दोन कुटुंबं फ्लॅट पाहून गेली होती. त्यांनी खालचाही पाहिला. खालच्या फ्लॅटमध्ये बाथरूमलगतच्या बेडरूमच्या भिंतीला पापुद्रे होते आणि दार उघडताच दमट वास यायचा. दोघांनीही खालच्याला नकार देताना तोच वास सांगितला, असं दलालाकडून कळलं. मावशीने २०२२ मध्ये काम करताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले होते : जुन्या टाइल्स काढल्यावर दिसलेली ओली कोबा-भर, नवीन वॉटरप्रूफिंग, पाणी भरून ठेवलेला तळ. चाचणीसाठी तीन दिवस पाणी भरून ठेवलं तेव्हा खालच्या फ्लॅटच्या छताचा फोटोही तिने घेतला होता. डिचोलीच्या माणसाने ते फोटो दोनदा पाहिले आणि ठेकेदाराचं बिल मागितलं. बिल होतं. मला खात्री आहे की फोटो आणि बिल नसते तर त्याच बाथरूमचे त्याने १ लाखही धरले नसते. नवीन टाइलखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

ग्रिलचंही तसंच. काकांनी ३०४ च्या ऐवजी ३१६ दर्जाचं स्टील घेतलं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खारट हवेत ते सहजासहजी डाग धरत नाही. पर्वरी समुद्राला लागून नाही, पण वारं खारंच आहे. खालच्या फ्लॅटच्या लोखंडी ग्रिलचे तांबडे ओघळ बाहेरच्या भिंतीवर दिसत होते. वर पाहणाऱ्याला एका नजरेत फरक कळत होता.

किचन दोनदा

किचनवर ४ लाख गेले आणि दीड लाख परत आले. खरं तर पहिले २ लाख ६० हजार शून्य झाले होते. दुकानदाराने मडगावच्या दुकानात चकचकीत शटर दाखवली, आतला सांगाडा दाबलेल्या भुशाच्या बोर्डचा होता. सिंकखालची कपाटं चौथ्या पावसाळ्यात फुगली, बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होऊन दारं लोंबायला लागली. दुसऱ्या वेळी फोंड्याच्या सुताराने मरीन प्लायवूड वापरलं, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून. त्या प्लायवूडला ७२ तास उकळत्या पाण्याची कसोटी असते. तेच काम पहिल्यांदा झालं असतं तर खर्च दोन-सव्वादोन लाखांत आटपला असता, आणि दीड लाखाचा परतावा वाईट दिसला नसता.

घेणाऱ्याच्या बायकोने किचनमध्ये फक्त एक गोष्ट निरखून पाहिली : मागच्या छोट्या बाल्कनीतली मोरी. मासळी तिथे धुता येते का, पाणी वाहून जातं का, नळ आहे का. नळ होता, उतार बरोबर होता. मूळ नकाशातलीच मोरी ती, खालच्या फ्लॅटलाही होती. पण तिथे तिच्यावर फळ्या ठोकून भांडारघर केलेलं होतं. या मोरीचे वेगळे पैसे वहीत नव्हते, तरी दीडमधला काही भाग तिचा होता असं ती नंतर मला म्हणाली.

मार्बल, सीलिंग, बाल्कनी

मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट पडलं की त्याची झिलई जाते. जेवणाच्या टेबलाखाली सोलकढीचे, लिंबाचे फिकट डाग दहा वर्षांत जमले होते. पॉलिश करून घ्यायला खर्च येणार म्हणून घेणाऱ्याने त्याला अधिकही दिलं नाही आणि उणेही केलं नाही. मार्बलला भाव देणारं गिऱ्हाईक वेगळं असतं. सुट्टीसाठी दुसरं घर घेणारी, बाहेरून आलेली मंडळी अशा वस्तू पाहतात. पण ती मंडळी पर्वरीच्या दहा वर्षांच्या, स्विमिंग पूल नसलेल्या इमारतीत येत नाहीत. तसं एक जोडपं ऑगस्टमध्ये आलं होतं, पूल नाही म्हटल्यावर दहा मिनिटांत गेलं. फ्लॅट कोणाला विकला जाणार हे इमारतच ठरवते. मावशीने मार्बल घेतला तो त्या वेळच्या सॅम्पल फ्लॅटकडे बघून.

सीलिंगची गोष्ट मला चटका लावणारी वाटते. आजीने, म्हणजे घेणाऱ्याच्या आईने, हॉलच्या मध्ये उभं राहून विचारलं, "माटोळी खंय बांदतली?" म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची माटोळी कुठे बांधायची? हॉलच्या स्लॅबला बिल्डरने चार कड्या ठेवल्या होत्या. सीलिंग करताना त्या वर झाकल्या गेल्या. मावशीकडे चवथ मूळ घरी, सत्तरी तालुक्यात होते, त्यामुळे दहा वर्षांत कोणाला त्यांची आठवणच आली नाही. आजीचं कुटुंब चवथ इथेच आणणार होतं. नारळ, सुपारीची कात्रं, आंबाडे, तोरिंजण असा भार पेलणारी माटोळी जिप्समच्या पातळ छताला बांधता येत नाही. सीलिंग काढून स्लॅब रंगवायचे ५० हजार उणे झाले.

बाल्कनीत कायदा आला. रेराच्या व्याख्येत बाल्कनी कार्पेटमध्ये धरत नाहीत, आणि ती खिडक्या लावून बंद केली म्हणून खोली होत नाही. बँकेच्या मूल्यांककाने मंजूर नकाशाशी जुळवून ती नकाशाबाहेरचा फेरफार म्हणून नोंदवली. सोसायटीचं २०१८ चं एक पत्रही फाइलमध्ये निघालं. शिवाय सरकत्या खिडक्यांच्या खाचेत पाणी साठून हॉलमध्ये यायचं. ८५ हजार घालून १ लाख उणे. जाहिरातीत दलालाने 'वाढीव खोली' असं लिहिलं होतं, ते मी त्याला काढायला लावलं.

पार्किंगचे ४ लाख, आणि त्यातली खाच

अडीचचे ४ झाले, घरात सगळ्यांना हाच आकडा आवडला. पण खालचा फ्लॅट त्याच काळात ४५ लाख ६० हजारांवरून ८२ वर गेला, म्हणजे १.८ पट, वर्षाला साधारण ६ टक्के चक्रवाढीने. त्याच वेगाने पार्किंग वाढतं तर साडेचार लाख व्हायला हवे होते. १६ लाखांमधली सर्वांत चांगली वस्तूसुद्धा साध्या फ्लॅटच्या वेगाला पुरी पोहोचली नाही.

तरी ४ लाख मिळाले ते कागदामुळे. २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्टिल्टमधली जागा म्हणजे स्वतंत्रपणे विकता येणारं गॅरेज नव्हे, असं महाराष्ट्राच्या कायद्याखाली ठरवलं. रेरानेही उघडं पार्किंग सामाईक जागेत धरलं. त्यामुळे बँकांचे वकील आता पार्किंगच्या शब्दांकडे बारकाईने बघतात. मावशीच्या सेल डीडच्या परिशिष्टात पार्किंगचा क्रमांक फ्लॅटसोबत लिहिलेला होता, आणि सोसायटीच्या वाटप यादीत तोच क्रमांक होता. त्याच इमारतीत नुसत्या बिल्डरच्या लेटरहेडवर पार्किंग 'घेतलेली' कुटुंबं आहेत. त्यांची मला काळजी वाटते.

मजल्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जादा ९६ हजार गेले, १ लाख आले.

बिलांनी वाचवलेला कर

हा भाग वहीत नव्हता. २३ जुलै २०२४ पासून मालमत्तेच्या दीर्घकालीन नफ्यावर इंडेक्सेशनविना, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, १२.५ टक्के कर आहे. पण त्याआधी घेतलेलं घर भारतात निवासी असलेली व्यक्ती विकत असेल तर जुन्या पद्धतीने, इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी येणारा कर कमी असल्यास तेवढाच भरावा लागतो. २०१४-१५ चा महागाईचा निर्देशांक २४०, २०२४-२५ चा ३६३. मुद्रांक, नोंदणी आणि इतर आकार धरून खरेदी ५४ लाखांना पडली होती, ती ८१ लाख ६७ हजार ५०० झाली. दलाली वजा जाता हातात ८८ लाख ११ हजार. एवढ्यावर थांबलं असतं तर नफा ६ लाख ४३ हजार ५०० आणि कर १ लाख २८ हजार ७००, वर सेस (उपकर).

सीएने मार्बल, बाथरूम, ग्रिल आणि वेदर शेडची पक्की बिलं ज्या त्या वर्षाच्या निर्देशांकाने वाढवून खर्चात धरली. नफा ३८ हजारांच्या आत आला, कर साडेसात हजारांच्या आसपास. नवीन पद्धतीने तोच कर ३ लाख ६८ हजार झाला असता. म्हणजे ज्या मार्बलला घेणाऱ्याने शून्य दिलं, त्याच्या बिलाने साडेसहासष्ट हजार रुपये वाचवले. किचन, सीलिंग, बाल्कनी रोखीने किंवा कच्च्या पावतीवर झाली होती. त्यांचं काहीच धरता आलं नाही.

गोव्याचा एक धागा यात आहे. पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे काका-मावशीची मालमत्ता सामाईक आहे, म्हणून फ्लॅट एकट्या काकांच्या नावावर असता तरी सेल डीडवर दोघांची सही लागली असती, आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५ अ प्रमाणे नफा दोघांत निम्मा-निम्मा दाखवावा लागला. पगार आणि पेन्शन या वाटणीत येत नाही. किंमत ५० लाखांवर असल्याने घेणाऱ्याने १ टक्का, म्हणजे ८९ हजार, टीडीएस (उगमाशी करकपात) कापला. तो दोघांच्या पॅनवर ४४,५०० असा भरायला मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. एकाच पॅनवर गेला असता तर मावशीच्या कराचा परतावा अडकला असता.

फोंडा

मावशी आणि काका आता मुलीजवळ, फोंड्यात एका सात वर्षांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. फ्लॅट पाहायला आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो होतो आणि मावशीने मालकाकडे जुलैमधला एखादा व्हिडिओ आहे का असं विचारलं. त्याच्याकडे मुलाच्या वाढदिवसाचा होता. त्यात मागे बेडरूमची भिंत दिसत होती, कोरडी. पार्किंगचा क्रमांक सेल डीडमध्ये आहे की नाही ते काकांनी स्वतः वाचलं. दोन्ही बाथरूमचं काम त्यांनी एप्रिलमध्ये, पावसाआधी करून घेतलं, फोटो आणि पक्क्या बिलासकट. हॉलला अजून जुन्याच टाइल्स आहेत.